पेटीचे झाकण कुणाच्या हाती?

कवितेत मधमाशी दिसली, की समीक्षेला ठरावीक दोन वाटा सुचतात. पहिली म्हणजे पोळे हे राज्य मानायचे, राणीला सम्राज्ञी करायचे आणि शिस्तीचे गोडवे गायचे. दुसरी वाट विसाव्या शतकातली. तिथे माशी म्हणजे कवीच्या मनातली भीती, आणि त्या भीतीचे मूळ त्याच्या चरित्रात शोधायचे. या दोन्ही वाटा आम्हाला मान्य नाहीत. पहिली सत्तेला निसर्गाचा दाखला मिळवून देते, तर दुसरी कवितेतल्या सत्तेकडे बघायचेच टाळते.

पहिल्या वाटेचा इतिहास मोठा आहे. व्हर्जिलने इ.स.पू. 29 च्या सुमारास 'जॉर्जिक्स' पूर्ण केले, तेव्हा रोम यादवी युद्धांतून नुकतेच बाहेर पडत होते. त्याच्या चौथ्या सर्गातल्या माश्यांना राजा आहे. तो आहे तोवर सारे एकचित्त, तो गेला की सगळा बंदोबस्त कोसळतो. दोन राजे उभे राहिले, तर उणा असेल तो मारून टाकावा, असा सल्लाही कवी देतो. शेक्सपिअरच्या 'पाचव्या हेन्री'त हाच दृष्टान्त एका आर्चबिशपच्या तोंडी येतो. तो राजाला आज्ञापालनाची महती सांगतो ती फ्रान्सवर स्वारी करण्याचा सल्ला देताना, हे विसरून चालणार नाही. चार्ल्स बटलरने 1609 मध्ये पोळ्याची प्रमुख मादी असते असे ठासून सांगितले. पण त्याने सिंहासनावरची व्यक्ती बदलली, सिंहासन तसेच राहिले. आपणही 'राणी माशी' म्हणतो तेव्हा तेच सिंहासन उचलून आणतो.

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. राणी हुकूम सोडत नाही, अंडी घालते. ती थकली की कामकरी माश्या नवी राणी वाढवतात. थवा बाहेर पडला, तर नवे घर कुठे करायचे हे टेहळणी करणाऱ्या माश्या नाचून, एकमेकींना आपल्याकडे वळवून ठरवतात. राणीला त्यात मत नसते. मार्टिन लिंडाउअरने 1950 च्या दशकात हे उलगडायला सुरुवात केली आणि टॉमस सीली याने 2010 मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला. म्हणजे कवींनी पोळ्यात जे राज्य पाहिले, ते त्यांनी घरूनच सोबत नेले होते.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. सिल्व्हिया प्लाथने ऑक्टोबर 1962 च्या पहिल्या पंधरवड्यात, आठवडाभरात, मधमाश्यांवर पाच कविता लिहिल्या. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात तिने त्याच वर्षी माश्या पाळायला घेतल्या होत्या. संसार मोडत होता. तिचे वडील ओटो प्लाथ कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी भुंगेवजा माश्यांवर 1934 मध्ये पुस्तक लिहिले होते, आणि ती आठ वर्षांची असताना ते वारले. फेब्रुवारी 1963 मध्ये तिने आत्महत्या केली. एवढी माहिती हाती आली, की समीक्षकाचे काम संपते. माशी म्हणजे वडील, डंख म्हणजे मरणाची ओढ, आणि कविता म्हणजे रुग्णाची नोंदवही!

चरित्राचा संबंधच नाही, असे आमचे म्हणणे नाही. वडिलांच्या संदर्भात तिने पूर्वीही मधमाश्यांवर कविता लिहिली होती. परंतु प्रतिमा कुठून आली हे कळले म्हणजे ती कवितेत काय करते हे कळले, असे होत नाही. या कविता क्रमाने वाचाव्यात. पहिल्या कवितेत गावची मंडळी जाळीदार टोप्या आणि हातमोजे घालून जमतात, निवेदिका मात्र उघड्या हातांनी उभी असते. भय आहे, पण ते माश्यांपेक्षा चेहरे झाकलेल्या माणसांचे अधिक. दुसऱ्या कवितेत बंद पेटी घरी येते. आत गोंगाट चालला आहे आणि पेटीची मालकी निवेदिकेकडे आहे. त्यांना उपाशी ठेवावे, परत पाठवावे की सोडून द्यावे, हे तिनेच ठरवायचे. इथे भय दुबळ्याचे नाही, मालकाचे आहे. ज्यांना कोंडले त्यांची भाषा आपल्याला समजत नाही, हे कळलेल्या मालकाचे. 'थवा' या कवितेत नेपोलियन येतो, बंदुकीने थवा खाली उतरवणारा माणूस येतो, आणि युरोपचा इतिहास एका झाडाभोवती गोळा होतो. हे सारे वडिलांच्या मृत्यूत कोंबायचे म्हणजे कवितेचेच झाकण लावून टाकणे होय.

शेवटची कविता हिवाळ्याची. तळघरात मधाच्या बरण्या आहेत आणि माश्या, काढून घेतलेल्या मधाच्या बदल्यात मिळालेल्या साखरेच्या पाकावर तग धरून आहेत. नर हाकलले गेले आहेत, उरल्या आहेत त्या साऱ्या स्त्रिया. प्लाथने 'एरिअल'च्या हस्तलिखितात ही कविता मुद्दाम शेवटी ठेवली होती आणि तिचा शेवटचा शब्द वसंताचा होता. 1965 मध्ये टेड ह्यूजने संग्रह प्रसिद्ध केला तो क्रम बदलून. मधमाश्या मध्यावर सरकल्या आणि अखेरीस मृत्यूपूर्वीच्या महिन्यातल्या कविता आल्या. मूळ अनुक्रम ह्यूजनेच 1981 च्या समग्र संग्रहात नोंदवला, पण त्या क्रमाने पुस्तक हाती यायला 2004 उजाडले. मरणाकडे जाणारी कवयित्री हे चित्र या मांडणीनेही घडवले आहे. पेटीचे झाकण कुणाच्या हाती, हा प्रश्न कवितेत होता तसा पुस्तकाबाबतही होता.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपल्या परंपरेत पोळ्याकडे सिंहासनाविनाही पाहिले गेले आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत मधमाशी आहे. घरोघर थोडेथोडे घ्यावे, हा तिचा एक धडा. त्यातून आलेला 'माधुकरी' हा शब्द आपण अजून वापरतो. दुसरा धडा कठोर आहे: साठवणाऱ्या माशीचा साठ्यासह नाश होतो. आणि मध काढून नेणाराही त्या यादीत आहे. साठा कुणाचा आणि भोग कुणाचा, हा प्रश्न एकनाथांच्या मराठीतून आपल्यापर्यंत पोचलेला आहे. तो ज्याला ठाऊक आहे, त्याला प्लाथच्या तळघरातल्या बरण्या समजायला मानसशास्त्राची कुबडी लागू नये.

तेव्हा आमचा आग्रह साधा आहे. मधमाश्यांची कविता वाचताना कवीला काय झाले होते, हे नंतर विचारावे. आधी पेटी कुणाची, धूर कोण देतो, मध कोण नेतो आणि डंख मारून मरते कोण, ते विचारावे. एवढे विचारले, तरी पोळ्यातले सम्राट आणि समीक्षेतले रुग्ण, दोघांचीही गर्दी पुष्कळ कमी होईल.