पाहणे आणि राहणे

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आपल्याकडे पूर्वापार मानतात. परंतु पाय हिंडले म्हणजे मन मोठे होतेच, असे नाही. सुट्टीच्या पंधरा दिवसांत दहा शहरे पालथी घालणारा प्रवासी पुष्कळ पाहतो. पण एकाच गावी पंधरा दिवस राहणारा जे शिकतो, ते त्याच्या हाती लागत नाही. पाहणे निराळे आणि राहणे निराळे.

मेक्सिको देशाच्या दक्षिण भागात, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात ओआहाका नावाचे शहर आहे. जवळच मोन्ते आल्बान येथे झापोटेक लोकांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी वसविलेल्या नगरीचे अवशेष आहेत. ते एका दिवसात पाहून होतात. दुसऱ्या दिवशी घाईचा प्रवासी पुढच्या गावाची वाट धरतो. जो मागे राहतो, त्याची खरी शाळा त्याच दिवशी सुरू होते.

पहिला धडा पाण्याचा. तेथे नळाचे पाणी सहसा पीत नाहीत. सुमारे वीस लिटरांचे मोठे बुधले विकणाऱ्याची आरोळी ऐकताच दाराशी जावे लागते. दुसरा धडा घड्याळाचा. दिवसाचे मुख्य जेवण तेथे दुपारी दोन ते चारच्या सुमारास होते. बारा वाजता पाटावर बसू पाहणाऱ्याला थांबावे लागते. तिसरा धडा जिभेचा. दुकानात शिरताना आधी नमस्कार, मग मागणी. खाणावळीत अनोळखी माणसे जेवत असली, तरी त्यांच्याजवळून जाताना लोक ‘ब्वेन प्रोवेचो’ म्हणतात. म्हणजे ‘जेवण अंगी लागो’. इतके शिकले, की परका मनुष्य थोडा कमी परका होतो.

मग बाजार. तेथे मिरच्या, टोमॅटो, पेरू, पपई यांच्या राशी पाहून आपल्याच आठवडे-बाजाराची आठवण व्हावी! पण ही सारी मूळची अमेरिका खंडांतील. समुद्रमार्गाने आलेल्या या पाहुण्या आपल्या स्वयंपाकघरात अशा रुळल्या, की मिरचीला आज परकी म्हणण्यास कोणाची जीभ रेटणार नाही.

त्याच बाजारात मक्याच्या भाकरी मिळतात. त्यांना तोर्तिया म्हणतात. त्यांसाठी मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन मग दळतात. ही रीत हजारो वर्षांची आहे. युरोपीय लोकांनी हा मका आपल्या देशी नेला. ही रीत मात्र नेली नाही. पुढे अठराव्या शतकापासून इटली-स्पेनमध्ये केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाच्या रोगाने ग्रासले. मक्यातील एक आवश्यक जीवनसत्त्व चुन्याच्या प्रक्रियेनेच अंगी लागते, हे विसाव्या शतकात उमगले. धान्य पाहिले होते. घरातील बाई ते कसे शिजविते, हे मात्र कोणी नीट पाहिले नव्हते. वरवर पाहण्याची किंमत कधी कधी इतकी जबर असते!

याउलट आपल्या विदर्भातील क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे पाहा. इंग्रजी राज्यामुळे त्यांना मायदेश दुरावला. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोस गेले आणि तेथे अनेक वर्षे राहिले. चापिंगो येथील कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले व गरीब शेतकऱ्यांसाठी शेतकी शाळा चालविल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. खानखोजे त्या भूमीत राहिले, म्हणूनच तिला काही देऊ शकले.

येथे कोणी विचारील, ‘सर्वच प्रवासी एका गावी राहू लागले, तर गावकऱ्यांनी कोठे जावे?’ प्रश्न रास्त आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात मेक्सिको शहरात वाढत्या घरभाड्यांविरुद्ध मोर्चे निघाले. धनिक परदेशी लोक राहावयास आल्याने आपल्याला आपलीच वस्ती सोडावी लागते, अशी तेथील रहिवाशांची तक्रार होती. म्हणून माझे मत असे, की राहावे, पण पाहुण्याप्रमाणे राहावे. शक्य तर गावातल्याच कुटुंबाकडे उतरावे. वस्तू बाजारातील म्हातारीकडून घ्यावी आणि चार पैशांसाठी तिच्याशी घासाघीस करू नये. लोक आपली भाषा बोलत नाहीत म्हणून कपाळाला आठ्या घालू नयेत. त्यांचे चार शब्द आपण शिकावेत.

मुलांनो, मेक्सिको फार दूर आहे. पण ही परीक्षा आजोळीही देता येते. या सुट्टीत ज्या गावी जाल, तेथे पाणी कोठून येते, सकाळी प्रथम कोण उठते, बाजारात भाजी कोण आणते, हे जाणून घ्या. गावची नावे पुष्कळांना पाठ असतात. गाव ज्याला कळले, तोच खरा प्रवासी.