पक्ष, साध्य, सिद्धता : पेण-रोह्यातून दिसणारा तर्कशिक्षणाचा प्रश्न

१/
पेण किंवा रोहे येथील कोणत्याही मराठी शाळेतील नववीचे भूमितीचे पुस्तक उघडावे. प्रमेयाखाली तीन शब्द ओळीने छापलेले आढळतात : पक्ष, साध्य, सिद्धता. यांपैकी ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ ही न्यायशास्त्राची पारिभाषिक नावे. भूमितीत ‘पक्ष’ या शब्दाचा अर्थ थोडा सरकला आहे, पण घराणे तेच. चौदा वर्षांचा विद्यार्थी हे शब्द वर्षभर वहीत लिहितो आणि त्यांचा उगम त्याला कोणीही सांगत नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की, सिद्धता मागण्याचा हा अधिकार त्रिकोणापुरताच आहे, अशी त्याची समजूत होते. इतिहासाच्या तासाला, घरात वा भाषणाच्या मैदानात तो ‘हेतू काय?’ असे विचारीत नाही. विचारलेच, तर त्याला उद्धट ठरवले जाते.

२/
याच वयाच्या मुलांना अमेरिकेतील काही ख्रिस्ती शाळा तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात. या चळवळीला ‘क्लासिकल ख्रिश्चन’ शिक्षण म्हणतात. तिचे बीज १९४७ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या एका व्याख्यानात आहे. व्याख्यात्या होत्या डोरोथी सेयर्स, गुप्तहेरकथांच्या प्रसिद्ध लेखिका. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांना मिळून ‘ट्रिव्हियम’ म्हणत. सेयर्सबाईंनी या तीन विद्या मुलाच्या वाढीच्या तीन टप्प्यांवर बसवल्या : आधी पाठांतराचे वय, मग उलट उत्तरे देण्याचे आणि मोठ्यांना शब्दांत पकडण्याचे वय, शेवटी स्वतःचे काही मांडण्याचे वय. मधल्या वयात मूल वाद घालणारच, तर त्याला नीट वाद घालायला शिकवा, हे त्यांचे म्हणणे. १९८१ मध्ये आयडाहो राज्यातील मॉस्को या गावी ‘लोगोस’ शाळा निघाली. तिच्या संस्थापकांपैकी डग्लस विल्सन यांनी १९९१ मध्ये ग्रंथ लिहिला आणि ही कल्पना देशभर पसरली.

३/
या माहितीवर आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. ‘हे पाश्चात्त्य खूळ आहे’ ही एक, ‘आमच्याकडे हे सारे होतेच’ ही दुसरी. दोन्ही आळशी आहेत.

४/
पहिल्यांदा त्या चळवळीचा दावा तपासावा. ती स्वतःला प्राचीन परंपरेची वारस म्हणवते. पण जेझुइटांनी १५९९ मध्ये सिद्ध केलेल्या ‘रेशिओ स्टुडिओरम’ या अभ्यासपद्धतीत तर्काचे स्थान कुठे आहे? आधी लॅटिन व्याकरणाचे वर्ग, मग साहित्य, मग वक्तृत्व, आणि त्यानंतर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात तर्क. म्हणजे वक्तृत्वाच्या आधी नव्हे, नंतर. तर्क बाराव्या-तेराव्या वर्षी असावा, हा सिद्धान्त सेयर्सबाईंनी मुख्यतः स्वतःच्या बालपणाच्या आठवणीवरून मांडला आणि त्यांनी ते प्रांजळपणे कबूलही केले. तो चुकीचा आहे असे नव्हे. तो प्राचीन नाही, इतकेच.

५/
वयाच्या मुद्द्यावर त्यांना खरा आधार युरोपापेक्षा भारतात सापडला असता. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायाचा पहिला पाठ्यग्रंथ. मुलांना सहज बोध व्हावा म्हणून ग्रंथ रचतो, असे तो आरंभीच सांगतो. यातील ‘बाल’ कोण? टीकाकार उत्तर देतात : ज्याचे व्याकरण, काव्य, कोश शिकून झाले आहेत, पण न्याय अजून व्हायचा आहे, तो बाल. आधी भाषा, मग तर्क. ऑक्सफर्डच्या व्याख्यानाच्या सुमारे तीनशे वर्षे आधी हा क्रम पाठशाळेत रूढ होता.

६/
आणि तो केवळ ग्रंथांत नव्हता. १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्यासाठी त्यांच्या आजोबांनी, नातू बारा वर्षांचा असताना, स्वतंत्र अभ्यासक्रम आखला. त्यांच्या शिक्षणात व्याकरण, न्याय, वेदान्त आणि साहित्य होते, शिवाय इंग्रजी साहित्यही होते. स्वाध्याय परिवाराच्या कार्याविषयी कोणाचे मत काहीही असो, कुंडलिकेच्या काठचा एक मुलगा शाळकरी वयात न्यायाकडे वळवला गेला, ही गोष्ट येथे महत्त्वाची.

७/
न्याय शिकणारा मुलगा प्रत्यक्षात काय शिकतो? डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतो, हा हेतू. जेथे धूर तेथे आग, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तेथे आग आहे, हे निगमन. उन्हाळ्यात सह्याद्रीच्या उतारावर वणवे पाहणाऱ्या पोराला हे पाच अवयव समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. खरी गंमत उलट बाजूने सुरू होते. ‘तेथे आग आहे, म्हणून धूर असणारच’ हे का चालत नाही? कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. हेतू आहे आणि साध्य नाही, असे एक स्थळ सापडले की अनुमान कोसळते. या दोषाचे नाव सव्यभिचार.

पेणच्या मुलाला तर हे गणपतीच्या कारखान्यातच शिकवता येईल. ‘ही मूर्ती सुबक आहे, म्हणून ती पेणची’ असे दुकानदार म्हणतो. सुबक मूर्ती अन्यत्रही घडतात, तेव्हा हेतू व्यभिचारी ठरला. ‘ती सुबक का? पेणची म्हणून. पेणची कशावरून? सुबक म्हणून’ हे तर नुसतेच वर्तुळ. बारा वर्षांच्या मुलाला यात जो आनंद होतो, तो त्याला कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या तासाला होत नाही.

८/
आता ‘आमच्याकडे होतेच’ म्हणणाऱ्यांकडे वळावे. होते, पण कोणासाठी? पाठशाळेचे दार जातीने ठरत होते, आणि मुलींसाठी ते बहुधा बंदच होते. २० मार्च १९२७ रोजी याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर पाणी प्यायले. सार्वजनिक तळ्याचे पाणी अमुक माणसांना वर्ज्य, या प्रतिज्ञेला हेतू कोणता, असा प्रश्न त्या कृतीने विचारला. न्यायाचे पाच अवयव मुखोद्गत असलेल्या पंडितवर्गातून हा प्रश्न तळ्याच्या काठी उभा राहिला नव्हता. याचा विसर पडू देऊन परंपरेचा गौरव करणे म्हणजे हेतू लपवून निगमन वाचून दाखवणे होय.

९/
आणि येथेच ख्रिस्ती शाळा व जुनी पाठशाळा एका बाकावर येऊन बसतात. दोन्हींकडे मुलाच्या हाती शस्त्र दिले जाते, पण निकाल आधीच ठरलेला असतो. बायबलला किंवा श्रुतीला धक्का लागेल तेथे चर्चा थांबते. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनरी आणि विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे जाहीर वाद झाले. विष्णुबुवा रोह्याच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातील शिरवलीचे. औपचारिक शिक्षण बेताचे, बुद्धी विलक्षण. बायबलची त्यांनी कठोर उलटतपासणी केली. मात्र वेदांना ती कसोटी त्यांनी लावली नाही, आणि समोरच्या पाद्र्यांनीही ती स्वतःच्या ग्रंथाला लावली नाही.

१०/
तरीही एकदा दिलेले साधन देणाऱ्याच्या आज्ञेत राहत नाही. पेणकर, रोहेकर अशी गावांची आडनावे लावणारे बेने इस्राएल, म्हणजे कोकणचे ‘शनवार तेली’, मिशनरी शाळांत शिकले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. त्यामागे धर्मांतराची आशा होती. प्रत्यक्षात फार थोडे ख्रिस्ती झाले. बाकीच्यांनी त्या व्याकरणाच्या आधारे स्वतःचे धर्मग्रंथ वाचले आणि आपला धर्म अधिक घट्ट धरला.

११/
पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबांची काशीची एक आठवण प्रसिद्ध आहे. १९१६ मध्ये घर सोडून ते तेथे पोहोचले. पंडितांच्या सभेत द्वैत आणि अद्वैत यांचा वाद होई आणि अद्वैती जिंकला असा निर्णय मिळे. एके दिवशी तरुण विनोबा उभे राहिले आणि म्हणाले की, आज अद्वैती हरला. दुसरा कोणी आहे असे मानल्याशिवाय वाद कोणाशी घालणार? अद्वैतावर श्रद्धा असलेल्या माणसाने अद्वैताच्याच बाजूची चूक दाखवली. ख्रिस्ती शाळांच्या पत्रकांत ज्याला तर्कशिक्षण म्हणतात, त्यात हा क्षण क्वचितच अपेक्षित असतो.

१२/
‘मुले तोंडाळ होतील’ हा नेहमीचा आक्षेप. ती त्या वयात तोंडाळ असतातच. न्यायसूत्रांनी कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचे काहीही न मांडता समोरच्याचे नुसते पाडण्यासाठी वितंडा. तेरा वर्षांचे मूल उपजत वितंडा जाणते. वाद शिकवावा लागतो. तो न शिकवल्याचे फळ पाहायला मोबाइलवरील कोणत्याही राजकीय चर्चेखालची दहा उत्तरे पुरेत.

१३/
महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात तर्कशास्त्र आहे, हे खरे. ते कला शाखेचा एक ऐच्छिक विषय म्हणून अकरावीत भेटते. म्हणजे विज्ञानाला किंवा वाणिज्याला जाणाऱ्या, तसेच दहावीनंतर शिक्षण सोडून कामाला लागणाऱ्या मुलाला ते कधीच भेटत नाही. त्याच्या वाट्याला ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ हे दोन शब्द तेवढे येतात. सातवी-आठवीत आठवड्याला एक तास, मराठीच्या शिक्षकाने घेतलेला, वर्तमानपत्रातील एक जाहिरात आणि एक भाषण फळ्यावर मांडून त्यातील हेतू शोधायला लावणारा, यासाठी नवी इमारत लागत नाही. त्याला एकच अट असावी : शिक्षकाचे स्वतःचे विधानही फळ्यावर यावे, आणि ते कोसळले तर मुलाला वर्गाबाहेर उभे केले जाऊ नये.