इन्व्हर्टरची सवय लॅपटॉपला नको

लाईट जाण्याची धास्ती कर्जत-खालापूरकरांच्या अंगवळणी पडलेली आहे. मुंबईच्या गिरण्या चालवणारी वीज 1915 पासून इथल्याच खोपोलीत आणि 1922 पासून भिवपुरीत तयार होऊ लागली. तरी आजही वळवाचा पाऊस आला, घाटाकडून वारा सुटला आणि एखादी फांदी तारेवर पडली की आमच्या वाड्या-पाड्यांवर अंधार होतो. 3 जून 2020 ला आलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातले विजेचे हजारो खांब आडवे झाले आणि कित्येक गावांनी दिवसच्या दिवस विजेविना काढले. तेव्हा घरून काम नुकतेच सुरू झाले होते. लॅपटॉप सतत चार्जिंगला लावून ठेवायची सवय इथल्या घरांत पक्की झाली ती या भीतीपोटी. भीती खरी आहे, पण सवयीने नुकसान होते.

दोन-अडीच वर्षे वापरलेल्या लॅपटॉपबद्दल एकच तक्रार वारंवार कानावर येते: ‘पिन काढली की अर्ध्या तासात बंद पडतो.’ दोष कंपनीला दिला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा बॅटरी घरातच संपवलेली असते, तीही काळजी घेण्याच्या नादात.

याचे मूळ इन्व्हर्टरमध्ये आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांतल्या इन्व्हर्टरला शिसे आणि आम्लाची बॅटरी असते. तिला भरलेले राहणे मानवते. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिची ताकद जाते. म्हणून डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि बॅटरी कायम भरलेली ठेवावी, हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला इन्व्हर्टरसाठी अगदी योग्य आहे. दुसरा सल्ला असतो, ‘पूर्ण उतरू दे, मगच चार्जिंगला लाव’. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. लॅपटॉपमधली बॅटरी लिथियम-आयन जातीची. 1991 मध्ये सोनीने ती बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनाला 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिचा स्वभाव या दोघींहून वेगळा आहे. पूर्ण भरलेले राहणे तिला सोसत नाही आणि पूर्ण रिकामे होणेही नाही.

लॅपटॉपमधला सेल पूर्ण भरला की साधारण 4.2 व्होल्टवर असतो. चार्जिंग तिथे आपोआप थांबते, त्यामुळे जास्त भरून बिघडण्याची चिंता नको. खरा त्रास त्या उंचीवर तासन्‌तास बसून राहण्याचा आहे. आतला द्रव हळूहळू विघटित होतो, ग्रॅफाइटच्या बाजूला बसलेला थर जाड होत जातो आणि वीज वाहून नेणारे लिथियम त्या थरात अडकून पडते. एकदा अडकलेले लिथियम परत मिळत नाही. उष्णता वाढली की हे सगळे अधिक वेगाने घडते.

आणि उष्णतेला आपल्याकडे तोटा नाही. अलिबाग-मुरूडला समुद्राचा वारा आहे. इथे एका अंगाला सह्याद्रीची भिंत आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा. आपल्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च 2017 च्या अखेरीस 46.5 अंशांची नोंद झाली होती. कॅनडातल्या कॅडेक्स कंपनीचे संस्थापक इझिडोर बुकमन यांनी प्रसिद्ध केलेले आकडे या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. 25 अंश तापमानात 40 टक्के भरलेली लिथियम-आयन बॅटरी वर्षभर ठेवली तर तिची सुमारे 96 टक्के क्षमता टिकते; पूर्ण भरून ठेवली तर 80 टक्के. तापमान 40 अंश केले की हेच आकडे 85 आणि 65 होतात. म्हणजे भरलेपण आणि ऊन एकत्र आले की एका वर्षात तिसरा हिस्सा गेला. इथल्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात मे महिन्याच्या दुपारी गादीवर ठेवलेला, खालची जाळी झाकलेला आणि चार्जिंगला लावलेला लॅपटॉप आतून 40 अंशांच्याही वर जातो.

उपाय फुकटचा आहे. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. लेनोवोत तिला ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ म्हणतात, असूसमध्ये ती ‘माय असूस’मध्ये सापडते, डेल आणि एचपीमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये किंवा बायोसमध्ये. ती चालू केली की लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला लावलेला असला तरी हरकत नाही. सोय नसेल तर 80 च्या आसपास पिन काढावी, 20-30 ला लावावी. आकड्याकडे डोळे लावून बसायची गरज नाही.

मग लाईट गेली तर? इथे ऋतू पाहून वागावे, असे माझे मत आहे. होळीपासून मृगापर्यंत 80 ची मर्यादा कटाक्षाने पाळावी. पावसाळ्यात वीज जास्त जाते आणि हवाही थंड असते, तेव्हा ऑनलाइन परीक्षा किंवा महत्त्वाची बैठक असलेल्या दिवशी खुशाल 100 टक्के भरा. मुंबईला जाणाऱ्यांचेही तसेच. कर्जतहून सीएसएमटी सुमारे 100 किलोमीटर, लोकलमध्ये दोन तास किंवा अधिक, आणि लोकलमध्ये चार्जिंगची सोय नाही. निघण्याच्या थोडे आधी पूर्ण भरून घ्यावे, रात्रभर भरलेला ठेवू नये. स्टेशनबाहेर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मात्र लॅपटॉप कधीही ठेवू नका. ढगांचा गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढून ठेवावा. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणाऱ्यांनी लॅपटॉप मागे ठेवायचा असेल तर अर्धा भरून, बंद करून, सावलीच्या कपाटात ठेवावा.

आपल्या तालुक्यांत अनेक मुलांचा लॅपटॉप घरातला पहिलाच असतो आणि कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेला असतो. हप्ते फिटायच्या आधी बॅटरी बदलायची वेळ त्या घरावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते. शाळा-कॉलेजच्या संगणक शिक्षकांनी ही 80 टक्क्यांची सेटिंग वर्गातच प्रत्येकाला लावून द्यावी. पाच मिनिटांचे काम आहे.

आणखी एक. टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट बसेनासे झाले तर बॅटरी फुगली आहे असे समजा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका आणि सर्व्हिस सेंटरला न्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घंटागाडीत टाकलेली लिथियम बॅटरी कचऱ्याखाली दबली की पेट घेऊ शकते.