माझ्या आजाचे काय?

भामरागडकडील एक माडिया तरुण कामानिमित्त ऊर्जानगरच्या वसाहतीत येत असतो. मध्यंतरी कोणीतरी त्याच्या हाती एक पत्रक दिले. मनुष्य जन्मतःच पापी आहे, येशूच्या रक्तावाचून तारण नाही, जो नाकारील त्याच्या वाट्याला अक्षय अग्नी, असा त्यातील आशय. तो म्हणाला, "गुरुजी, मी विश्वास ठेवला तर सुटेन म्हणतात. पण माझ्या आजाचे काय? त्याने तर हे नावही ऐकले नव्हते."

हा प्रश्न जुनाच आहे. ज्याचे शव जुन्या गोव्यात जपून ठेवले आहे, त्या फ्रान्सिस झेवियरला जपानमधील नवख्रिस्तींनी तोच विचारला होता. नरकात पडलेल्या पूर्वजांच्या सुटकेला उपाय नाही, हे त्याचे उत्तर ऐकून ती माणसे रडली, आणि ते पाहून आपल्यालाही वाईट वाटले, असे त्याने १५५२ च्या पत्रात लिहून ठेवले आहे. माणूस द्रवला, सिद्धान्त द्रवला नाही!

ज्या समाजात मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारतात, पूर्वज कुळाच्या देवांत जाऊन मिळतो असे मानतात, त्याला या उत्तराचा अर्थ काय लागेल? आपले तारण हवे तर आजाला अग्नीत सोडून पुढे जावे, हाच ना?

रोमने पुढे भाषा सौम्य केली, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना सुवार्ता कळलीच नाही, पण जे सद्‌बुद्धीने वागले, त्यांनाही तारण मिळू शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले. बाप्तिस्म्यावाचून दगावलेल्या अर्भकांविषयी आशा बाळगण्यास जागा आहे, असे तेथील धर्मपंडितांच्या आयोगाने सांगितले, ते २००७ मध्ये! मग हा दिलासा पत्रकात का नसतो? पत्रक वाटणारे रोमचे नसतीलही. पंथ अनेक, धाक मात्र एकच. आणि न ऐकणारा तरू शकत असेल, तर ऐकवून नाकारण्याचा धोका त्याच्या माथी मारण्यात कसली करुणा?

नरकाची वर्णने आपल्याकडेही आहेत. गरुडपुराण ऐकून लहानपणी कोणाची झोप उडाली नाही? परंतु तेथील शिक्षा कर्माच्या मापाने मिळते आणि भोगून संपते. चार दिवसांच्या आयुष्यातील अविश्वासासाठी अनंतकाळचा दाह, असा हिशेब यमाच्या दरबारातही नाही. वाल्या कोळ्याला नारदाने त्याच्या कृत्यांचा जाब विचारला, जन्माचा नव्हे.

१८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी उघड वाद करीत. आज आपण दिवाणखान्यात बसून धर्मांतरावर हळहळतो. भामरागडच्या रस्त्यावर आपल्यापैकी किती जण गेले? हेमलकशात १९७३ पासून आमटे कुटुंबाने माडियांवर उपचार केले, औषधाच्या मोबदल्यात श्रद्धा मागितली नाही. त्या वाटेने जाणारे थोडे, म्हणूनच पत्रकाला वाट मोकळी मिळते.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले, की हा प्रश्न पत्रक देणाऱ्यालाच विचार. त्याने विचारला. पुढच्या वेळी सांगतो म्हणून तो गृहस्थ गेला आहे.