तांदळाची गोणी आणि सुई-दोरा

गेल्या महिन्यातली गोष्ट. नात शाळेत निघाली आणि ऐन वेळी तिच्या युनिफॉर्मचं बटण तुटलं. मुलगा-सून केव्हाच लोकल पकडून गेलेले. सौ.चं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. उरलो मी. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस सुईत दोरा ओवता ओवता घामाघूम झाला! शेवटी सेफ्टी पिन लावून पोरीला पाठवलं. ती सहावीत आहे, तिलाही बटण लावता येत नाही. पण मी कोणत्या तोंडाने तिला बोलणार?

एक कबुली द्यायची आहे. कोठारी आयोगाने (1964-66) शाळेत कार्यानुभव असावा असं सुचवलं, तो विषय पुढे आमच्या वेळापत्रकातही आला. तो तास बऱ्याचदा माझ्याकडे असे, आणि मी त्यात गणिताचा राहिलेला भाग उरकत असे. वर्षाअखेरीला मुलं रुमाल शिवून आणत. मशीनची सरळ टीप बघून कळायचं की हे आईचं किंवा शिंप्याचं काम. तरी मी 'अ' देत होतो. एका मुलाने स्वतः हाताने शिवलेला, रक्ताचा डाग पडलेला वेडावाकडा रुमाल आणला होता. त्याला मी 'ब' दिला. तो रुमाल अजून डोळ्यांसमोर येतो.

असो. त्या रविवारी 25 किलोची तांदळाची गोणी रिकामी झाली होती. सौ. खुर्चीत बसून सांगत होती, नात आणि मी जमिनीवर. आधी गोणी वाचून काढली. वजन, पॅकिंगची तारीख, शाकाहाराचा हिरवा ठिपका, अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी क्रमांक. मग स्वयंपाकघरातले पुडे निघाले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे यादीत साखर दुसरी आली तर काय ते समजावं. समजा, 100 ग्रॅममागे साखर 25 ग्रॅम आणि बिस्किटाचा पुडा 60 ग्रॅमचा, तर पोटात किती गेली? साधं त्रैराशिक! 15 ग्रॅम, साधारण तीन-चार चमचे. पोरीने हातातलं बिस्कीट खाली ठेवलं (नंतर खाल्लं, ते सोडा). 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेनंतर चव आणि कस उतरू शकतो, 'यूज बाय' उलटली तर मात्र खायचं नाही, हा फरक मलाही त्याच दिवशी नीट कळला.

मग शिवण. गोणीच्या तोंडाला साखळी टाका असतो. योग्य टोक सापडलं की एका ओढीत सर्रकन उसवतो. आमच्या घरात आजवर ती कात्रीनेच कापायचे! नातीने विचारलं, "आजी, खालची शिवण पण अशीच सुटेल ना? मग बटाटे पडतील." हा प्रश्न मी तीस वर्षांत कुठल्या वर्गात ऐकला नाही, कारण तसा प्रश्न पडेल असं काही मुलांच्या हातातच दिलं नाही. तळाला तिने दाभणाने दोनदा टीप घातली. कापलेली कड विरते, म्हणून ती दुमडून घेतली. माझ्या जुन्या पॅन्टच्या पट्ट्यांचे बंद झाले.

"यूट्यूबवर शिकतील की," असं आमचे चिरंजीव म्हणतात. बघतील, पण टाका किती ओढायचा ते बोटांनाच कळतं. शिंप्याकडे जायलाही हरकत नाही, पण सकाळी सातला कोणता शिंपी दुकान उघडतो? नव्या शैक्षणिक धोरणात (2020) सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. त्यातले दोन दिवस मुलगे-मुली सगळ्यांना एकत्र बसवून हे शिकवावं, आणि घरून शिवून आणलेलं काही घेऊ नये. वेड्यावाकड्या कामाला पूर्ण गुण द्यावेत. आमच्या लहानपणी सगळं उत्तम होतं असंही नाही बरं का. आम्ही वर्तमानपत्राच्या पुडीतली भजी चाटूनपुसून खाल्ली, छपाईच्या शाईसकट. 2018 च्या नियमांनी खाद्यपदार्थ तसे बांधायला मनाई केली ते बरंच झालं.

त्याच वर्षी राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. तरी कोपर स्टेशनजवळ भाजी घेताना पातळ पिशवी पुढे येतेच. आता मी आमची गोणीची पिशवी पुढे करतो. डावा बंद उजव्यापेक्षा दोन बोटं लांब आहे. काल दोन कोबी, एक किलो कांदे आणि दोन किलो बटाटे आणले, तळ जागच्या जागी आहे. युनिफॉर्मचं बटणही नातीनेच लावलं. मी फक्त दोरा ओवून दिला, चौथ्या प्रयत्नात.