कुणाचं रम्य बालपण?

पुण्यात चार जुनी माणसं जमली की वाड्यांच्या आठवणी निघतात. चौकातलं तुळशीवृंदावन, विहिरीचं गार पाणी, दिवसभर सताड उघडी दारं, कुणाच्याही घरी हक्कानं जेवणारी पोरं. मग उसासा ठरलेला: 'आताच्या मुलांना काय कळणार बालपण!' दिवाळी अंकांत हाच सूर, मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांतही हाच. आपल्या चळवळीतल्या मैत्रिणीसुद्धा त्यात सहज सूर मिसळतात, म्हणून आज मला जरा भांडायचं आहे.

हे बालपण नेमकं कुणाचं? चौकात विटीदांडू खेळणारा मुलगा सगळ्यांना आठवतो. त्या वेळी त्याची बहीण कुठे होती? धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन ती नळापाशी रांगेत उभी होती. सागरगोटे खेळली तेही एक डोळा पाळण्याकडे ठेवून. भातुकलीच्या इवल्याशा पितळी भांड्यांची आज प्रदर्शनं भरतात, आपण कौतुकानं बघतो. पण तो खेळ म्हणजे रांधण्याचा, वाढण्याचा आणि उरलेलं खाण्याचा सराव होता. आठ-नऊ वर्षांची झाली की खोटी चूल जायची आणि खरी यायची. पाळी आली की अंगणही संपायचं. आणि ज्या विहिरीच्या आठवणीनं गळा दाटून येतो, तिला दलित मुलीचा हात लागलेला चालत नव्हता, हे त्या आठवणीत कधी येतं का? फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेनं १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. पुण्यातल्या बालपणाचा तोही दस्तऐवजच आहे.

वरच्या जातीतल्या मुलींचं तरी फार बरं होतं असं नाही. रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली आलं. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्याच्या घरात आल्या. नवरा शिकवायला तयार, पण घरातल्या बायकांनी अक्षरओळखीपायी त्यांचा छळ मांडला. ज्या वयात आज मुलगी पाचवी-सहावीत असते, त्या वयात त्या सून होत्या. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली, तेव्हा 'धर्म बुडाला' म्हणून याच पुण्यात केवढं काहूर उठलं होतं! लग्नाचं वय १९२९च्या शारदा कायद्यानं चौदा केलं आणि १९७८ साली ते अठरा झालं. मुलींच्या वाट्याला आलेलं बालपण हे असं एकेक वर्ष भांडून मिळवलेलं आहे.

यावर कुणी म्हणेल, आठवणीच त्या, गोड असल्या तर बिघडलं काय? बिघडतं. मी वस्तीत काम करते, तिथे 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य रोज कानावर पडतं. ते बोललं की पुढे काहीतरी काढून घेतलं जातं. मुलीचा मोबाइल जातो, मग क्लास जातो, मग कॉलेज. 'आमच्या वेळी मुली एवढं तोंड वर करून बोलत नव्हत्या' असं म्हणणारे घर दोन महिन्यांत स्थळ बघायला लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचातली एक. त्या 'जुन्या चांगल्या दिवसांत' ती आजही राहते आहे.

वस्तीतल्या एका आजींना मी त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, 'ताई, मला कुठलं आलंय लहानपण? न्हाण आलं आणि त्याच साली सासरी गेले.' त्यांच्या आवाजात कसलीही हळहळ नव्हती. नातीला मात्र त्या हट्टानं शाळेत पाठवतात.

आजच्या मुलांचं काही हरवलेलंच नाही असं मी म्हणत नाही. मोकळी मैदानं गेली, रस्ते वाहनांनी बळकावले, मुलीला एकटीनं सायकलवर धाडताना आईच्या पोटात गोळा येतो. पण त्यासाठी उसासे टाकून भागणार नाही. मैदान महापालिकेकडे मागावं लागेल, रस्त्यावर दिवे मागावे लागतील, आणि संध्याकाळी मैदानात मुलींनाही खेळू द्या असं घरात ठणकावून सांगावं लागेल.

वाड्यांसाठी हळहळणाऱ्या याच शहरात भिडे वाडाही होता. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ साली तिथे मुलींची शाळा काढली. किती वर्षं तो पडझडीत उभा होता! राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला, तोही कोर्टाची लढाई संपल्यावर. कोणत्या आठवणी जपायच्या हे कोण ठरवतं, ते यावरून कळतं.

म्हणून मैत्रिणींनो, येत्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आपापल्या गटात म्हाताऱ्या बायकांना बोलतं करा. 'बालपण कसं होतं?' असं मोघम विचारू नका. दहाव्या वर्षी पाणी कोण भरायचं, शाळा कितवीत सुटली, कुणी सोडवली, पहिली पाळी आली तेव्हा काय झालं, लग्न ठरवताना कुणी विचारलं का, हे विचारा. आणि शेजारी त्यांच्या नातींना बसवा. त्यांनी हे ऐकलं, की 'आमच्या वेळी'ला काय उत्तर द्यायचं ते त्यांचं त्या ठरवतील.