उरलेले सहा दिवस

ख्रिस्ती घरात जन्म झाला एवढ्यावरून कोणी ख्रिस्ती ठरतो काय? रविवारी स्वच्छ कपडे घालून देवळात जाणे, गीत म्हणणे, दानपेटीत नाणे टाकणे आणि घरी परतणे, एवढ्यात धर्म आटोपत असेल तर उरलेले सहा दिवस कोणाचे? हा प्रश्न मी प्रथम माझ्याच समाजाला विचारतो आहे.

आमच्या राहात्याच्या परिसरात भक्तीचा तोटा नाही. जवळच शिर्डी आहे. साईबाबांच्या पालख्या आपण नेहमीच पाहतो. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावी सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हा सर्व धर्मांचे लोक तेथे लोटतात. उणीव आहे ती गर्दी पांगल्यावर शेजाऱ्याची विचारपूस करणाऱ्यांची.

शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने एका गोष्टीने उत्तर दिले. लुटारूंनी मारलेला एक मनुष्य यरीहोच्या वाटेवर पडला होता. याजक आला आणि बाजूने निघून गेला. लेवीही गेला. थांबला तो शोमरोनी, ज्याच्या लोकांशी यहुदी संबंध ठेवीत नसत! याजकाला प्रार्थना येत नव्हती असे थोडेच आहे? आपल्या नगर-मनमाड रस्त्यावर असा जखमी दिसला तर आपण काय करतो? पोलिसांचे लचांड नको, म्हणून पुढे जातो. वास्तविक २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले. कायद्याची सबब संपली; आता उरली ती मनाची.

आपल्याच जिल्ह्याच्या मातीत याची उदाहरणे आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. परंतु मिशनच्या चौकटीत त्यांचे मन मावेना. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तेथे जागा होती. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' तर आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. आपले सोवळे कसकसे सुटत गेले, हे त्यांनी काहीही न लपवता सांगितले आहे. बाप्तिस्म्याचा विधी काही मिनिटांत होतो. मनातले सोवळे सुटायला वर्षे लागतात.

अलीकडचे उदाहरण फादर हर्मन बाखर यांचे. हे स्विस जेज्वीट धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्यातील दुष्काळी शेतकऱ्यांसाठी राबले. उघड्या डोंगरउतारांवर पाणी अडवावे, माती धरून ठेवावी, यासाठी त्यांनी गावेच्या गावे कामाला लावली. १९९३ साली 'वॉटर' ही संस्था त्यांच्या पुढाकाराने निघाली. बांधावर अडलेले पाणी कोणाच्या विहिरीत उतरायचे, हे धर्म विचारून ठरत नाही.

आणि आम्ही? एका गावी मी मयतीला गेलो होतो. मेलेला माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या उसात राबलेला. त्याला कोणत्या पंथाच्या कबरस्तानात जागा द्यायची, यावर जाणती माणसे दुपारपर्यंत हुज्जत घालीत बसली. कोणाची वर्गणी थकली, कोणाचे नाव कोणत्या वहीत, याचाच हिशेब! तोवर त्याच्या नातवंडांना भाकरी आणून दिली ती शेजारच्या मुसलमान आणि मराठा बायांनी. त्या दिवशी येशू कोणाच्या घरी उतरला असता, हे सांगायला धर्मपंडित नको.

कोणी म्हणेल, मग उपासना सोडून द्यावी काय? मुळीच नाही. उपासना हे मूळ आहे आणि मुळाशिवाय झाड जगत नाही. पण राहात्याच्या पेरूची बाग कोणी पानांसाठी लावतो काय? फळ धरत नसेल तर मालक एक दिवस कुऱ्हाड घेऊन येतोच.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या पिढीने निदान दोन गोष्टी कराव्यात. रस्त्यावर पडलेल्याजवळ थांबावे, आणि मयताच्या दारी पंथ व जात विचारू नये. ख्रिस्ती मुलांनी हे आधी करावे, कारण प्रेमाच्या गोष्टी आपणच अधिक सांगतो. इतर मित्रांनीही आम्हांला पारखावे ते आमच्या गळ्यातल्या क्रुसावरून नव्हे, आमच्या सोमवारच्या वागणुकीवरून.